तीन टेबलांचा नियम

काकाजी पहिल्यांदा माझ्याकडे आले ते एक फासा घेऊन. मी वर्ध्यात एका सरकारी कचेरीत आकडेमोडीच्या कामावर आहे. गावोगाव पीक कापणीचे प्रयोग होतात, त्यांचे तक्ते तपासायचे. समोर एक उंच, पाठीत वाकलेला माणूस उभा राहिला. अंगात छापखान्यातला एप्रन, नखांत शाई. त्यांनी बाभळीच्या लाकडाचा फासा माझ्या फाइलवर ठेवला.

"बाई, हा फासा इमानदार आहे का नाई, हे समजाले किती येळा टाका लागन?"

मी म्हणाले, सहाशे वेळा टाका. प्रत्येक बाजू शंभराच्या आसपास यायला हवी. दहा-पंधरा इकडेतिकडे चालतील. त्याहून बराच फरक पडला तर फाशात खोट आहे.

"तं मंग तुमीच टाका. माह्या हातावर माहा भरोसा नाई."

अनोळखी माणसाचं काम मी का घेतलं, ते आजही सांगता येत नाही. रविवारी जेवणाच्या टेबलावर सहाशे वेळा फासा टाकला. नवरा कागदावर रेघा मारत होता आणि शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत होता, "शिकल्यासवरल्या बाईचं काय झालं पाहा." सहाचा आकडा एकशे एकतीस वेळा आला. सोमवारी काकाजींना तसं सांगितलं. ते खाली उतरले आणि फाटकाजवळच्या चहावाल्याच्या शेगडीत त्यांनी तो फासा टाकला.

"काऊन जाळला काकाजी? चांगलं लाकूड होतं," चहावाला म्हणाला.

"लाकूड चांगलं होतं बा. वागणूक चांगली नव्हती."

त्या दिवसापासून पुढची नऊ वर्षं मी त्यांचे आकडे पाहिले.

त्यांचा छापखाना लहानसा होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. जगायचे ते एका खेळासाठी. इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याने कधीतरी एक इंग्रजी पुस्तक झेरॉक्स करायला आणलं होतं, ते काकाजींनी परत देण्याआधी दोन दिवस ठेवून वाचलं, तिथून हे सुरू झालं. इंग्रजीत त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट पुढे नेतो, त्याला काकाजी 'सांगणारा' म्हणत. त्याच्यासकट सगळे एकेक माणूस होतात: कोणी सुईण, कोणी कोतवाल, कोणी विहीर खोदणारा. सांगणारा अडचण उभी करतो, प्रत्येकाने आपला माणूस काय करतो ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. मूळ पुस्तकात म्हणे राक्षस आणि तलवारी होत्या. काकाजींच्या खेळात पाणी आटत चाललेलं एक गाव होतं आणि ते टिकवायचं होतं. खेळाचं नाव 'वस्ती'.

हे पुस्तक त्यांनी एकट्याने लिहिलं असतं तर वर्षभरात निघालं असतं. पण स्वतःच्या डोक्यातला एकही नियम पुस्तकात घालायचा नाही, अशी त्यांची अट होती. वर्धा, पवनार, कारंजा आणि तळेगाव अशा चार ठिकाणी खेळणाऱ्यांचे चार गट होते. त्यांना ते 'टेबल' म्हणत. कोणीही नियम सुचवावा. काकाजी तो पिवळ्या कागदावर छापून सगळीकडे पाठवत. टेबलांनी तो खेळून पाहायचा, प्रत्येक फासा लिहून ठेवायचा, आणि सांगणाऱ्याने सही करून अहवाल टपालाने पाठवायचा. फोनवरचा अहवाल चालत नसे. आलेल्या अहवालांची खबर दर महिन्याला पिवळ्या कागदावरच सगळ्या टेबलांना जाई. किमान तीन टेबलांनी वर्षभर खेळल्याशिवाय कोणताही नियम पुस्तकात जात नसे. तीन म्हणजे तीन. पवनारच्या एका मास्तरांनी विहिरीत भूत असावं असं सुचवलं, तेव्हा सगळे हसले. काकाजी हसले नाहीत. भूत चारही टेबलांवर बारा महिने खेळलं गेलं आणि मग चार विरुद्ध शून्य मतांनी पुस्तकाबाहेर गेलं. मास्तरांना त्याबद्दल आभाराचं पत्र गेलं.

"खेळून पाहिलं का?" हा त्यांचा कशावरही प्रश्न. माझ्या भाचीला स्थळ आलं, मुलगा चांगला आहे म्हणतात, असं मी सांगितलं तरी तेच. बाजारात वांगी ताजी आहेत म्हणून सांगणाऱ्या बाईलाही तेच. ती म्हणाली, "वांग्यासंग काय खेळाचं काकाजी, भाजी करा न."

स्वतः मात्र ते कधी खेळले नाहीत. गुडघे चांगले होते तोवर एसटीने प्रत्येक टेबलावर जात, खुर्ची घेत आणि भिंतीकडे तोंड करून बसत. आपला चेहरा पाहून कोणी बेत बदलू नये म्हणून. तीन-तीन तास खेळणाऱ्यांना त्यांचे फक्त कान दिसत. कारंज्याचं टेबल महामार्गावरच्या एका ढाब्याच्या मागच्या खोलीत भरायचं. ढाबेवालाच तिथला सांगणारा. एकदा एक सरदारजी ट्रक लावून जेवायला आले आणि बसले ते संध्याकाळपर्यंत. ते सुईण झाले होते. पुराच्या पाण्यातून एका बाळंतिणीला त्यांनी फाशांच्या तीन टाकांत पलीकडे नेलं आणि खरोखर डोळे पुसले. पुस्तकाच्या शेवटी खेळून पाहणाऱ्या सगळ्यांची नावं आहेत, त्यात एक ओळ अशी आहे: 'ट्रकवाले सरदारजी, नाव विचारायचे राहिले.'

"तुमी का नाई खेळत?" असं मी त्यांना एकदा विचारलं.

"मी खेळलो तं सारे माह्यासारखे खेळतीन. मंग चार टेबलं कायले पाह्यजेत? एकच पुरन."

मग पवनारचं टेबल बंद पडलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. दोघं नोकरीसाठी बाहेर गेले, एकाचे डोळे गेले, मास्तर मुलाकडे राहायला गेले. त्यांनी तसं सरळ पत्र लिहून कळवलं. काकाजींनी दोन दिवस मशीन बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी काळ्या चौकटीचं कार्ड छापलं. त्यांच्याकडे दर आठवड्याला तशी कार्डं छापायला येत, ठसे तयारच होते. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की पवनार येथील टेबलाचे निधन झाले.' खाली खेळणाऱ्यांची नावं, शोकाकुल म्हणून प्रकाशक. हे कार्ड त्यांनी उरलेल्या तीन टेबलांना पाठवलं. मी म्हणाले, काकाजी, हे बरं दिसत नाही. माणसं जिवंत आहेत.

"माणसं आहेत न. टेबल गेलं."

मला त्यात थोडी गंमतही वाटली होती. त्या कार्डाने काय केलं, ते मला वर्षभराने कळलं.

आता तीनच टेबलं उरली होती आणि पुस्तकातला शेवटचा नियम बाकी होता. तो जाण्याचा नियम. प्रत्येक बैठकीच्या शेवटी प्रत्येक खेळणाऱ्याने दोन फासे टाकायचे. बेरीज चार किंवा कमी आली तर त्याचा माणूस गाव सोडून कायमचा जातो. खेळणारा पुढच्या बैठकीला वस्तीतलाच दुसरा माणूस होतो, पण वस्तीतून एक जण कमी होतो. हिशेबाने पाहिलं तर सहात एक जातो. वर्ध्याच्या टेबलावर मीही खेळत असे; आम्ही चौघं होतो. बारा बैठकांत अठ्ठेचाळीस टाक झाले आणि नऊ जण गेले. आठ अपेक्षित होते, म्हणजे ठीकच. कारंज्यात पाच जण होते, साठ टाक, तीन गेले. तळेगावातही साठ टाक, आणि दोनच गेले.

"तीनातले दोन टेबलं म्हणून राह्यले का लोक पुरेसे जात नाईत," काकाजी म्हणाले. "हद्द चारवरून सहावर नेऊ."

मी कागदावर दाखवलं. सहावर नेली तर बारात पाच जातील. वर्ष संपायच्या आत वस्ती रिकामी होईल. खेळ उरणारच नाही.

"टेबलं सांगतीन थेच खरं, बाई. मी कोण?"

त्यांचे गुडघे गेली दोन वर्षं कामातून गेले होते. एसटीची पायरी चढता येत नव्हती. टेबलांबद्दल जे काही कळायचं ते अहवालांतूनच. पुढच्या महिन्यात पुस्तक मशीनवर चढणार होतं. मी तळेगावचे मूळ कागद घरी नेते म्हणाले. फाशांत खोट असेल तर कळेल, एवढाच माझा विचार होता.

कागद व्यवस्थित होते, सुवाच्य. प्रत्येक टाकाचे दोन्ही आकडे लिहिलेले. तीन-पाच, सहा-दोन, चार-एक. दोन फासे साठ वेळा टाकले की दोन्हींवर सारखा आकडा दहाच्या आसपास वेळा यायला हवा. इथे तो दोनदा आला होता, आणि दोन्ही वेळा पहिल्याच बैठकीत. पुढच्या पंचावन्न टाकांत एकदाही नाही. असे कागद मी कचेरीत पाहिले आहेत. शेतात न जाता घरी बसून वजनं भरली की माणूस सारखे आकडे टाळतो. त्याला वाटतं, सारखं आलं तर खोटं दिसेल. खऱ्या फाशाला तशी लाज नसते.

मी आर्वीमार्गे तळेगावला गेले. तिथला सांगणारा गजूभाऊ, पाण्याच्या मोटरींच्या वायंडिंगचं त्याचं दुकान. वयाने चाळिशीचा असेल. मला पाहून उठला, स्टूल पुसलं.

"ताई, तुमी? काकाजी बरे आहेत न?"

"बरे आहेत. टेबल पाहायला आले, गजूभाऊ."

त्याने मागे बोट दाखवलं. तांब्याच्या तारेची रिळं, उघडलेल्या मोटरी, आणि त्यांच्या खाली एक टेबल.

"हे पाहा न. आहे."

"आणि माणसं?"

त्याने हातातली पक्कड पुसून ठेवली. मग त्याने हाताच्या बोटांवर मोजलं. दोघं पुण्याला कंपनीत गेले. एकीचं लग्न अकोल्यात झालं. चौथा महामार्गावर मोटारसायकलसकट गेला. "पाचवा मी. सहावा कोणी नव्हताच."

"कधीपासून?"

"हा जायचा नियम आला न, त्याच्या आधीपासूनच. पह्यल्या बैठकीले मी एकट्यानंच पाचही जणांचे फासे टाकले. खरंच टाकले, ताई. देवाशपथ. पण एकट्यानं पाच जणांसंग बोलाचं, त्यायचं ऐकाचं, मंग फासे टाकाचे... दुसऱ्या महिन्यापासून नुसतं लिहूनच देत गेलो."

"पण दोनच जण का गेले?"

"आता कागदावरबी मीच धाडू का लोकायले?"

मी विचारलं, सरळ कळवलं का नाहीस? त्याने गल्ल्याखालून पवनारचं कार्ड काढलं. काळ्या चौकटीचं, घडी पडलेलं.

"हे आलतं न माह्याकडं. तीनच टेबलं राह्यले होते. मी बंद म्हटलं असतं तं पुस्तकच बंद. त्यायच्या नियमानंच बंद. अन् पिवळ्या कागदावर दर महिन्याले वाचून राह्यलो, कारंजात हे झालं, कारंजात थे झालं. कारंजावाले जीव लावून खेळून राह्यले, अन् आपल्यापायी थांबाव का? नका सांगू ताई काकाजीले. छापू द्या एकडाव."

मी म्हणाले, सांगावं लागेल. चुकीच्या आकड्यावर नियम छापला जाईल. तो बस येईपर्यंत माझ्याबरोबर थांब्यावर उभा राहिला आणि माझी पिशवी स्वतःच धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी छापखान्यात गेले. काकाजी पुस्तकाची पानं जुळवत होते. मी साठ टाकांचा तक्ता समोर ठेवला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील, नाहीतर गजूभाऊला पत्र लिहायला कागद मागतील. त्यांनी तक्ता दोनदा वाचला. मग खुर्चीला धरून उठले, कपाटातून एक जाड फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"हे कारंजाचे. हेबी मोजा."

कारंज्याच्या बेरजा तेवढ्या मला मिळत, मूळ कागद त्यांच्याकडेच असत. मी तिथेच बसून मोजलं. साठ टाक. सारखे आकडे एकदा. बाराही बैठकांचं अक्षर एकाच माणसाचं होतं, आणि ते अक्षर मी नऊ वर्षं ओळखत होते.

रस्ता रुंद करताना ढाबा गेला होता. ढाबेवाला नव्या दुकानाची कार्डं छापायला आला तेव्हा म्हणाला, काकाजी, आता टेबल नाही. काकाजींनी कार्डं छापून दिली. बाकी कोणालाच काही सांगितलं नाही.

"तळेगाव एवढं मन लावून खेळून राह्यलं होतं," ते म्हणाले. "त्यायले कोण्या तोंडानं सांगू, का आता तीन टेबलं राह्यले नाईत? म्हटलं तेवढे बारा महिने मीच कारंजा होतो. तळेगावात जसं होते तसं लिहिलं. थ्यायचे कमी गेले म्हणून माह्येबी कमी पाठवले."

म्हणजे खोट्यावरून खोटं उतरवलं होतं. तळेगाव कारंज्यासाठी चालू होतं आणि कारंजा तळेगावसाठी. मधे पिवळे कागद जात-येत होते.

"फासे टाकले होते का, काकाजी?"

"पह्यले काही दिवस. दुपारी मशीन बंद असते तव्हा. सुईण मी, कोतवाल मी." ते हसायला लागले आणि ते हसणं नीट झालं नाही. "मले काई खेळता येत नाई, बाई. साऱ्यायचे आवाज एकसारखेच निघत."

आयुष्यात ते पहिल्यांदा खेळले होते, आणि टेबलावर दुसरं कोणी नव्हतं.

पुस्तक निघालं. जाण्याचा नियम त्यांनी काढून टाकला, कारण तो तीन टेबलांवर खेळला गेला नव्हता. त्यामुळे छापलेल्या 'वस्ती'त गाव सोडून कोणालाच जाता येत नाही. छापण्याआधी शेवटचं पान त्यांनी मला तपासायला दिलं होतं. नावांच्या यादीखाली एक टीप होती: 'कारंजा व तळेगाव येथील शेवटच्या बारा बैठकांचे अहवाल प्रकाशकाने स्वतः एकट्याने तयार केलेले आहेत. ते ग्राह्य धरू नयेत.'

"काकाजी, तळेगावचे तुम्ही केले नाहीत."

"काळ्या चौकटीचं कार्ड मीच पाठवलं न?"

"तरी आकडे तुमचे नाहीत. हे खोटं आहे."

"असन. माह्या वयात काय बिघडते? त्याले अजून गावात दुकान चालवाचं आहे. टेबलानं खोटं लिहिलं असं पुस्तकात छापून आलं, तं लोक मोटरबी आणून देतीन का त्याच्याकडं?" त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "बाकी अक्षरं पाहा. काना-मात्रा."

माझ्या नोकरीत मी एकही चुकीचा आकडा माझ्या सहीखाली जाऊ दिलेला नाही. त्या पानावर मी काना-मात्रा पाहिल्या, एक अनुस्वार दुरुस्त केला आणि सही केली.

सात महिन्यांनी काकाजी गेले. दुपारी मशीनजवळ खुर्चीत बसलेले होते. छापखाना जागेच्या मालकाने रिकामा करून घेतला. तीनशे प्रतींपैकी एकशे अठ्ठ्याऐंशी तोवर लोकांकडे गेल्या होत्या. बाकीच्या माझ्या घरी माळ्यावर आहेत.

त्यानंतर एका रविवारी गजूभाऊ आमच्या घरी आला. आम्ही चहा ठेवला. माझा नवरा त्याच्याशी मोटरीबद्दल बोलत होता, गजूभाऊचं लक्ष नव्हतं. नवरा आत गेल्यावर त्याने पिशवीतून पुस्तक काढलं आणि शेवटचं पान उघडलं.

"हे खोटं छापलं, ताई."

"हो."

"तुमी तपासलं होतं न?"

"हो."

"मंग काऊन जाऊ देलं? त्यायनं नाई केलं हे. म्या केलं. लोक वाचतीन, अन् म्हणतीन का प्रकाशकच खोटारडा होता. मेलेल्या माणसाच्या नावावर हे ठेवाचं?"

मी म्हणाले, त्यांचीच इच्छा होती. त्याने माझ्याकडे पेन मागितलं. टिपेतल्या 'तळेगाव' शब्दावर रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'तळेगावचे अहवाल मी लिहिले', खाली स्वतःचं पूर्ण नाव, गाव, आणि अहवालावर करायचा तशी सही. मग माझी प्रत मागून घेतली आणि तिच्यावरही तसंच लिहिलं. माळ्यावरच्या प्रतीही काढायला लावल्या. दुपारभर तो जमिनीवर मांडी घालून लिहीत होता. एकशे बारा प्रती. शेवटी शेवटी त्याची सही वेडीवाकडी यायला लागली, तरी नाव त्याने प्रत्येक वेळी पूर्ण लिहिलं.

मग हात झटकून तो म्हणाला, "आता राह्यल्या बाकीच्या. कोणाकोणाकडं गेल्या, त्यायची यादी द्या. दुकान हप्त्यातून एक दिवस बंदच असते. मी जाऊन येत जाईन."

पार्सलांवरचे सगळे पत्ते मीच लिहिले होते. एकशे अठ्ठ्याऐंशी नावं, गाव, पिनकोड, पाठवल्याची तारीख. यादी आतल्या खोलीत कपाटात होती, दुसऱ्या खणात.

"यादी नाही माझ्याकडे," मी म्हणाले.



"तुमी? तुमी यादी ठेवली नाई?"

"नाही ठेवली."